सॅम्पल हाऊस बघून आलात ना, आता टेप घेऊन परत जा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भायलीला चार बेडरूमचं डुप्लेक्स बुक केलंय, विटांचं काम झालंय, प्लॅस्टर बाकी आहे, ताबा सात-आठ महिन्यांनी. घरात तुम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. बिल्डरच्याच माणसाने सांगितलंय की सॅम्पल हाऊस जसं दिसतं अगदी तसंच इंटिरिअर १८ लाखांत करून देतो, फक्त या महिन्यात हो म्हणा. तर हो म्हणायचं का?

नाही. निदान या महिन्यात तरी नाही. तो माणूस फसवतोय असं मी म्हणत नाहीये, पण या महिन्यात तुम्ही ज्या गोष्टी ठरवायला हव्यात त्या त्याच्या १८ लाखांत नाहीतच, आणि ज्या आहेत त्या पुढच्या वर्षी केल्या तरी काही बिघडत नाही. मी बडोद्यात २२ वर्षं घरांच्या इंटिरिअरचंच काम करते, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांची दुरुस्ती केली, आता निम्म्याहून जास्त काम भायली, सेवासी, बिल याच बाजूचं असतं, आणि दर महिन्याला एक तरी कुटुंब असं येतं ज्यांनी आधी पॅनलिंग केलंय आणि मग त्यांना फोडायचंय.

आधी सॅम्पल हाऊसबद्दल. तिथे कुणी राहत नाही हे डोक्यात ठेवून बघायचं. पुढच्या वेळी गेलात की मोजा, किती खोल्यांना दारं आहेत, कारण बऱ्याच ठिकाणी दारं लावतच नाहीत किंवा काचेची भिंत करतात, म्हणजे खोली मोठी वाटते. पंखे आहेत का बघा. गीझर कुठे आहे, कपडे वाळत कुठे घालायचे, केरसुणी आणि पोछ्याची बादली कुठे, चपला कुठे, कचऱ्याचा डबा कुठे. काही नसतं. आणि बेड मोजा, हे नक्की करा. आपल्याकडे नवरा-बायकोचा बेड ६ बाय साडेसहा फुटांचा असतो, तिथे बहुतेक वेळा ५ बाय ६ चा ठेवलेला सापडतो, वर सहा उशा रचलेल्या म्हणून कळत नाही.

तुमच्या नकाशात वरची बेडरूम ११ बाय १२ आहे. ११ फुटांच्या बाजूला हिशोब करून बघू. बेड साडेसहा फूट, त्याला मागे हेडबोर्ड चार इंच, म्हणजे झाले ६ फूट १० इंच. समोर कपाट, ते २ फूट खोल हवंच, नाहीतर हँगर आडवा बसत नाही. झाले ८ फूट १०. नकाशातलं माप विटेपासून विटेपर्यंत असेल तर दोन्हीकडचं प्लॅस्टर दीड-दोन इंच खातं. उरले दोन फूट. आता त्या दोन फुटांत तुम्ही उभ्या राहून कपाटाचं दार उघडायचं, खाली वाकून ड्रॉवर ओढायचा आणि तेवढ्यात मागून कुणी तरी बाथरूमला जाणार. स्लायडिंग केलं तर दार उघडायची जागा वाचते पण कपाटच सव्वादोन फूट खोल होतं. म्हणून कपाट त्या भिंतीला नको, बाजूच्या भिंतीला घ्या, त्यासाठी बाथरूमचं दार नऊ इंच सरकवावं लागेल, आणि ते आत्ता विटेत असताना अर्ध्या दिवसाचं काम आहे, नंतर नाही. (आणि हो, ब्रोशरवरचा सुपर बिल्टअप आकडा विसरा, रेराच्या करारात कार्पेट लिहिलेला असतो तो धरा, त्यात आतल्या भिंती मोजतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची मोजत नाहीत. प्लॉट वारात सांगतात तो वेगळाच.)

प्लॅस्टर व्हायच्या आधी विजेचं ठरवायचं, आणि तुमच्या सगळ्या यादीत हे पहिलं. बिल्डर जे पॉइंट देतो ते साधारण प्रत्येक खोलीत दोन लाइट, एक पंखा, एक प्लग, एक एसी असे असतात. एकेका खोलीत जाऊन खडूने भिंतीवर बेड काढा, टेबल काढा, मग विचार करा. बेडच्या दोन्ही बाजूंना प्लग आणि लाइटचं टू-वे बटण. मुलांच्या टेबलाशी चार प्लग, एक नाही. किचनमध्ये ओट्यावर मिक्सर, मायक्रोवेव्ह, टोस्टर, आटाचक्की असेल तर तिचा १६ अँपियरचा वेगळा पॉइंट, फ्रिजचा वेगळा, आरओचा वेगळा, चिमणीचा वर, आणि डिशवॉशर आज नको असला तरी सिंकखाली एक प्लग, एक पाण्याचा तोटा आणि एक निचरा ठेवून द्या. एसी आणि गीझरला ४ चौरस एमएमची तांब्याची वायर, साध्या प्लगना अडीच, लाइटना दीड, हे कारीगराच्या तोंडून नाही, वायरच्या आवरणावर छापलेलं असतं ते स्वतः वाचायचं. मेनबोर्डात ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का बघा, ओल्या हातांनी गीझरचं बटण दाबणारी मुलं घरात असताना यात कंजूषी नको.

पार्किंगमध्ये गाडी चार्ज करायला आत्ताच पाइप टाकून ठेवा, मोठा चार्जर घेतलात तर त्याला ३२ अँपियर लागतात, त्याची जाड वायर नंतर भिंत फोडून न्यावी लागू नये. तसाच गच्चीवरून मीटरपर्यंत सोलरसाठी एक मोकळा पाइप. केंद्राची सूर्यघर योजना २०२४ पासून आहे, ३ किलोवॉटला ७८,००० रुपये सबसिडी मिळते, म्हणजे आज ना उद्या तुम्ही सोलर लावणारच, आणि तेव्हा समोरच्या छान एलिव्हेशनवरून पांढरा पाइप लोंबकळताना बघून जीव जळतो. वायफाय खालच्या मजल्यावरून वर स्लॅबमधून नीट जात नाही, वर लॅनची एक वायर न्या. टीव्हीच्या भिंतीत दोन इंची पाइप उभा पुरा. आणि प्लॅस्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला टेप लावून व्हिडिओ काढून ठेवा. पाच वर्षांनी फोटो टांगायला खिळा ठोकताना तो व्हिडिओ लागतो, माझ्या स्वतःच्या घरी नव्हता, आणि मी, म्हणजे जी दुसऱ्यांना शहाणपण शिकवते तिने, गरम पाण्याच्या पाइपात ड्रिल घातलं.

भिंती एएसी ब्लॉकच्या आहेत का तेही विचारा, त्या पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या. असतील तर गीझर, किचनची वरची कपाटं आणि सासूबाईंच्या बाथरूममधला धरायचा दांडा जिथे येणार तिथे कडियाला, म्हणजे गवंड्याला, सांगून भरीव विटा घालून घ्या. त्या ब्लॉकमध्ये स्क्रूसाठी ठोकतात तो साधा गुल्ला धरत नाही, भरलेलं कपाट दोन वर्षांत पुढे झुकायला लागतं.

आता पाणी. बडोद्याच्या माणसाला हे सांगायला नको पण घर घेताना नेमकं तेच विसरतो. २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस पडला, आणि ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा समा, आकोटा, फतेहगंज, मुजमहुडा, किती तरी ठिकाणी तळमजले दोन-तीन दिवस पाण्यात होते, मगरी सोसायट्यांच्या गेटपर्यंत आल्या. समाच्या बाजूला माझं एक काम झालेलं होतं, घर तीन वर्षांचं, आत अडीच फूट पाणी उभं राहिलं. पाणी उतरल्यावर मी गेले तेव्हा किचनची खालची कपाटं, जी मालकांनी माझं न ऐकता रेडीमेड मॉड्युलर घेतली होती, पार्टिकल बोर्डची, ती चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगली होती, बोट लावलं की भुसा हातात येत होता, वरचं लॅमिनेट मात्र तसंच चकचकीत, नुसतं सुटून उभं राहिलेलं. देवघराचा खालचा खण मरीन प्लायचा होता, त्याला चिखल धुवून पंधरा दिवस पंख्याखाली वाळवला, दोन पट्ट्या नव्या लावल्या, आजही वापरात आहे. खालचे प्लग सगळे जमिनीपासून एक फुटावर, सगळे गेले. इन्व्हर्टरची बॅटरी जिन्याखाली, तीही गेली.

भायलीला नदीचं पाणी नाही येणार म्हणता, मान्य, पण शेतजमिनीवर सोसायट्या उठल्या की पावसाचं पाणी जायच्या वाटा बंद होतात आणि सोसायटीचा रस्ता दर दोन-तीन वर्षांनी डांबराच्या थराने वर येतो, घर तिथेच राहतं. म्हणून प्लिंथ, म्हणजे घराचं जोतं, रस्त्यापासून किती उंच आहे ते मोजा, दोन फुटांच्या खाली असेल तर मला ते आवडणार नाही. तळमजल्यावरचे प्लग अडीच-तीन फुटांवर घ्या, जरा विचित्र दिसतात, आठ दिवसांत सवय होते. तळमजल्याचा एमसीबी वेगळा, म्हणजे तो बंद करून वरच्या मजल्यावर दिवे चालू ठेवता येतात. बॅटरी वर. किचनची खालची कपाटं स्टीलच्या किंवा पीव्हीसीच्या पायांवर, भिंतीला टेकून जमिनीवर बसवलेली नकोत, पुराचं सोडा, रोज पोछा मारतानाही तीच कड आधी कुजते.

प्लायवर येते, कारण त्या १८ लाखांत खरी मेख इथे आहे. तुम्हाला मिळालेल्या कोटेशनमध्ये फक्त "प्लाय + लॅमिनेट" लिहिलंय. कुठला प्लाय? साधा एमआर म्हणजे दमट हवा सहन करेल इतपत, बीडब्ल्यूआर त्याच्या वरचा, हे दोन्ही आयएस ३०३ या भारतीय मानकात येतात, आणि मरीन म्हणजे आयएस ७१०, जो उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवून तपासतात. सगळीकडे मरीन लावायची गरज नाही, वरच्या बेडरूमच्या कपाटाला बीडब्ल्यूआर पुरतो. पण किचन, वॉश, बाथरूमचं व्हॅनिटी आणि तळमजल्यावर जमिनीला लागणारं सगळं, तिथे ७१० च. शिक्क्यावर आयएसआयची खूण आणि खाली सीएम/एल नंबर असतो, तो बीआयएसच्या अॅपमध्ये टाकला की कंपनी खरी का खोटी ते दिसतं, ते साइटवर शीट उतरवताना करायचं, कपाट झाल्यावर नाही. तरी शंका असेल तर तळहाताएवढा तुकडा मागून घरी कुकरमध्ये घालून शिजवा. मी करते. सुतार हसतो, हसू दे. आणि मागची बाजू काय लावणार ते लिहून घ्या, पुढे मरीन आणि मागे ४ एमएमचा हलका तुकडा हा नेहमीचा प्रकार. उधई, म्हणजे वाळवी, आपल्याकडे मागूनच येते. पाया भरताना बिल्डरने उधईची ट्रीटमेंट केली का आणि किती वर्षांची गॅरंटी, याचा कागद मागा.

किचनवर मी थोडं जास्त बोलणार कारण तुमच्या प्रश्नात त्यावर एकच ओळ होती, "ओपन किचन छान वाटतंय". छान वाटतं ते कुणी फोडणी घालेपर्यंत. मेथीचे थेपले आणि बांगड्याचं कालवण, दोन्ही करणारी मराठी घरं आहेत आपली, सोफ्याच्या कापडात वास बसतो तो जात नाही. पूर्ण बंद नको असेल तर काचेचं सरकतं दार घ्या. चिमणीचा पाइप ६ इंची, सरळ बाहेरच्या भिंतीतून, वळणं जास्तीत जास्त दोन. सॅम्पल हाऊसमध्ये चिमणीचा पाइप कुठे जातो ते वरचं कपाट उघडून बघा, काही ठिकाणी तो कुठेच जात नाही.

ओट्याची उंची. सॅम्पलमध्ये ३६ इंच ठेवलीय कारण तिथे ओट्यात बसवलेला हॉब आहे. तुम्ही जुनी शेगडी नेणार असाल तर ती वर चार-पाच इंच येते, म्हणजे कढई ४० इंचांवर, आणि तुम्ही खांदे वर करून पोळी भाजणार. उभं राहून कोपर वाकवायचं, कोपराच्या चार-पाच इंच खाली ओटा हवा, माझ्या बहुतेक क्लायंटना तो ३२ ते ३४ मध्ये येतो. शेगडीचा भाग त्याहून तीन-चार इंच खाली घेता येतो. स्वयंपाक कोण जास्त करतं त्या माणसाच्या कोपराने मोजा, नवऱ्याच्या नाही, अर्थात तेच करत असतील तर त्यांच्याच.

आणि कोठार! तुम्ही वर्षाचे गहू भरता ना? बडोद्यात राहून भालिया गहू, तांदूळ, तूरडाळ एप्रिल-मेमध्ये भरत नाही असं मराठी घर मला अजून भेटायचंय, नव्या सुनासुद्धा भरतात. ते दिवेल, म्हणजे एरंडेल, लावलेले गहू ठेवायला पत्र्याच्या दोन-तीन कोठ्या लागतात, आणि ब्रोशरमधली "पॅन्ट्री" म्हणजे मसाल्याच्या बाटल्यांचा उभा ड्रॉवर, त्यात पाच किलोचा डबासुद्धा बसत नाही. तुमच्या नकाशात किचनशेजारी ४ बाय ५ ची जागा "पावडर रूम" म्हणून दाखवलीय. पाहुण्यांसाठी वेगळा संडास, तोही सासूबाईंच्या खोलीतला सहा पावलांवर असताना. मी तुमच्या जागी असते तर तिथे कोठार केलं असतं. खाली कोटा स्टोन, वर माळ्यापर्यंत उघडे कडप्पे, एक छोटी जाळीची खिडकी. प्लायचा एक तुकडा नको त्यात.

चोकडी, म्हणजे भांडी घासायची मोरी, कुठे आहे? नकाशात "वॉश" लिहिलंय, ३ बाय ४. त्यात वॉशिंग मशीनच २ फूट खाणार, मग भांडी घासणाऱ्या मावशी बसणार कुठे? निदान ५ बाय ७ करा, मागच्या मार्जिनमध्ये, म्हणजे घरामागे मोकळ्या सोडलेल्या पट्टीत, जागा आहे. जमिनीला पॉलिश न केलेला कोटा, घसरत नाही. तीन बाजूंनी चार इंचांची पाळ, नळ दीड फुटावर, निचऱ्याला उघडून साफ करता येईल अशी जाळी, वर पत्रा किंवा छज्जा म्हणजे पावसाळ्यात भिजत भांडी घासायला नको. वाळत घालायच्या दोऱ्यांचे हुक आत्ताच. या सगळ्याला मिळून टीव्ही पॅनलच्या चौथा हिस्साही पैसे लागत नाहीत, आणि वापर रोज दोन वेळा, तीनशे पासष्ट दिवस.

उन्हाबद्दल. तुमची हॉलची दुमजली उंच काच पश्चिमेला आहे. मला ते बघून जरा धस्स झालं, खरं सांगते. मे महिन्यात दुपारी चार वाजता तिथे उभं राहून बघा, आणि डबल हाइटमध्ये एसीची थंड हवा खाली आणि गरम हवा वर वरच्या लॉबीत, म्हणजे मुलांच्या खोल्यांच्या दारात. काच काढता येणार नसेल तर बाहेरून लाकडी किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, किंवा साधा जाड बांबूचा पडदा बाहेरच्या बाजूने. आतल्या पडद्याने ऊन अडतं, उष्णता नाही, ती तोपर्यंत आत आलेली असते. आपला नैर्ऋत्येचा वारा मात्र त्याच बाजूने येतो म्हणून ती बाजू सगळी बंद करू नका, खाली एक उघडणारी झडप ठेवा आणि पूर्वेला वरती एक, हवा फिरते. अजून एक, उत्तरेच्या खिडकीला ऊन येत नाही असं सगळे धरून चालतात, पण बडोदा कर्कवृत्ताच्या खाली आहे, जूनभर आणि जुलैच्या सुरुवातीला सूर्य दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो आणि मावळतो वायव्येला, त्यामुळे उत्तरेलाही छज्जा हवा. नव्या एलिव्हेशनमध्ये छज्जेच काढून टाकलेत, डब्यासारखं सपाट दिसायला. मग पहिल्या पावसात खिडकीच्या पट्टीतून पाणी आत आणि वर्षभराने खिडकीखाली पापुद्रे. दोन फुटांचा छज्जा मागा, एलिव्हेशन बिघडतं म्हणाले तर दीड.

खिडक्या तीन ट्रॅकच्या, त्यातली एक जाळी. गच्चीला पांढरं चायना मोझेक करून देतात का विचारा, फुटक्या पांढऱ्या टाइलचं, आपल्याकडे पूर्वापार चालत आलेलं, वरच्या खोल्यांना त्याने जो फरक पडतो तो फॉल सीलिंगने पडत नाही. फॉल सीलिंग म्हणाल तर मी फक्त कडेने एक पट्टी करते, लाइट आणि एसीचा पाइप लपवायला. पूर्ण खोलीभर केलं की साडेनऊ फुटांची खोली पावणेनऊची होते, आणि कोव्हमध्ये, म्हणजे लाइट लपवायच्या खाचेत, धूळ आणि पाली. कोण चढणार साफ करायला?

सासूबाईंची खोली खाली दिलीय, चांगलं केलंत. बाथरूमचं दार अडीच फुटांचं आहे, तीन करा, आणि बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडून बसतं, हे मी एकदा बघितलंय, पुन्हा बघायचं नाहीये. उंबरा अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. टाइल मॅट. उतार मीटरला साधारण एक सेंटिमीटर, गोटी सोडून बघा, जाळीकडे गेली पाहिजे, कमोडमागे जाऊन बसली तर टाइल उखडायला लावा. आणि टाइल लावायच्या आधी वरच्या सगळ्या बाथरूममध्ये स्लॅब खाली घेऊन जो खड्डा ठेवतात त्यात पाणी भरून ४८ तास ठेवायचं, खालचं छत कोरडं राहिलं तर पुढे जायचं. बिल्डर घाई करेल. तुमच्या हॉलच्या छतावर पिवळा डाग पडेल तेव्हा तो दुसऱ्या स्कीमवर असेल.

टाइलवर फार वेळ घालवू नका. मोरबीचा माल आहे, सगळाच चांगला असतो. फक्त खाली हॉलमध्ये आरशासारखी चकचकीत नको, पावसाळ्यात ओल्या पायांनी घसरतात, आणि १५ टक्के जास्त डबे एकाच बॅचचे घेऊन माळ्यावर ठेवा. त्या बाजूला बोअरचं पाणी जड असतं, काळ्या मॅट नळांवर आणि शॉवरच्या काचेवर पांढरे ओघळ दिसतात, साधे क्रोमचे नळ घ्या.

देवघर. सॅम्पलमध्ये पांढऱ्या कोरिअनच्या (दगडासारख्या दिसणाऱ्या अॅक्रिलिकच्या) पाटीमागे एलईडी लावून ओम कोरलेला आहे, माहितीय मला तो. तिथे समई लावलीय का कुणी? एका क्लायंटकडे अगदी तसंच केलं होतं, सहा महिन्यांत वरती तपकिरी गोल उमटला, पुसला तर आणखी पसरला, आणि जिन्याखाली असल्यामुळे उदबत्तीचा धूर थेट वर. समईच्या ज्योतीवर निदान अडीच-तीन फूट मोकळं हवं, किंवा वर दगडाचा तुकडा. बसून पूजा करायची असेल तर समोर ३ बाय ३ ची जागा, आणि पूजेची भांडी, तेल, वाती, पंचांग यांना एक खण. आणि बडोदेकर म्हणून विचारते, गणपती कुठे बसणार? दीड दिवसाचा असो की दहा, मखर, त्याच्यासमोर आरतीला वीस माणसं, शेजारी गौरी असतील तर त्या. ती भिंत आत्ता ठरवा. तिथे वर दोन हुक, खाली दोन प्लग, आणि त्या भिंतीवर टीव्ही नको. माझ्या ओळखीत एका घरी दर भाद्रपदात टीव्ही उतरवायला माणूस बोलावतात.

हिंचका, म्हणजे झोपाळा, तर घेणारच ना? स्लॅब झालाय, त्यामुळे हुक सळईला बांधून टाकायची वेळ गेली, पण बिल्डरने कुठे सोडलेत का विचारा, आपल्याकडचे बिल्डर बरेचदा सोडतात. नसतील तर बीममध्ये केमिकल अँकर, तेही इंजिनिअरला दाखवून, फॉल सीलिंगच्या चॅनलला हुक लावणारे सुतार मी पाहिलेत. मागेपुढे मिळून सात-आठ फूट मोकळे हवेत, नाहीतर नुसता टांगलेला बाक होतो. तुम्ही लिहिलंय माहेरचा संखेड्याचा हिंचका आहे, लाखेचा, पितळी कड्यांचा. मग सॅम्पल हाऊसमधला तो दोरीचा टोपलीसारखा झुला कशाला हवाय? तुमचाच न्या. लाखकाम कुठे उडालं असेल तर संखेड्याला कारागीर आहेत, दीड तासाचा रस्ता.

पैशांचं असं करा. प्लॅस्टरच्या आधीचं सगळं, म्हणजे जास्तीचे पॉइंट, पाइप, दारं सरकवणं, कोठार, चोकडी, छज्जे, हे बिल्डरकडे लेखी द्या, जादा खर्चाचा आकडा लेखी घ्या. मग ताबा मिळेपर्यंत किचन आणि सासूबाईंची खोली एवढंच पूर्ण करा, हव्या तर मुलांची टेबलं. बाकी जुनी कपाटं, जुना सोफा घेऊन राहायला जा आणि एक पावसाळा जाऊ द्या. कुठल्या भिंतीला ओल येते, संध्याकाळी सगळे कुठे बसतात, ऊन कुठे पोचतं, हे तोपर्यंत कळतं आणि निम्मी पॅनलिंगची हौस आपोआप फिटते. तो माणूस आता करा नाहीतर रेट वाढेल म्हणेल, वाढू दे. जेव्हा कराल तेव्हा "सगळं मिळून" असा आकडा नको, प्रत्येक वस्तूचं माप, प्लायचा ग्रेड, लॅमिनेट १ एमएम, बिजागऱ्या कुठल्या, सगळं वेगळं लिहिलेलं, आणि शेवटचे १० टक्के काम संपल्यावर महिन्याने.

या रविवारी दुपारी चारला जा, ऊन असताना. टेप, खडू, एक गोटी आणि फोन चार्ज केलेला. सासूबाईंना नक्की न्या, त्या जिना चढणार नाहीत पण चोकडीची जागा त्यांनाच ठरवू द्या. गाडीत एक प्लास्टिकचं स्टूल टाका त्यांच्यासाठी, साइटवर बसायला काही नसतं.